नेमाआधी पवित्रा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि महाराष्ट्रातील अनेक घरांत नेमबाजीविषयी औत्सुक्य जागे झाले. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु औत्सुक्याबरोबर उतावीळपणाही आला आहे. पहिल्याच आठवड्यात मुलाला छर्रे हवे असतात आणि दुसऱ्या आठवड्यात पालकांना गुण. मग केंद्रचालक तरी काय करणार? तोही मागणीप्रमाणे पुरवठा करतो, आणि चार-सहा महिन्यांत मुलगा कंटाळून घरी बसतो.

वस्तुतः आरंभीचे काही आठवडे रायफल रिकामीच असावी. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तर रायफलीचे वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत असू शकते. हा भार स्नायूंच्या बळावर तोलू पाहणाऱ्याचा हात काही मिनिटांतच थरथरू लागतो. तो हाडांवर टेकवायचा असतो. पवित्र्याचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने लक्ष्याकडे डावी कूस करून उभे राहावे. पावलांत साधारण खांद्यांइतके अंतर, गुडघे सरळ परंतु ताठरलेले नव्हेत. कंबरेची डावी बाजू किंचित लक्ष्याकडे सरकवून डावे कोपर कंबरेच्या हाडावर वा बरगड्यांवर टेकवावे आणि रायफल डाव्या तळव्यावर किंवा मुठीवर नुसती विसावू द्यावी. डाव्या हाताने ती आवळायची नसते, हे नवशिक्याला लवकर पटत नाही. मान रायफलीकडे वाकवू नये, रायफलच गालापर्यंत आणावी. उजव्या हाताची पकड सौम्य हस्तांदोलनासारखी असावी, म्हणजे तर्जनी चाप सरळ मागे ओढू शकते. मूठ आवळली की नळी हललीच म्हणून समजावे.

यानंतरची परीक्षा अगदी साधी आहे. डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडून रायफल कोठे रोखलेली आहे ते पाहावे. ती लक्ष्यापासून बाजूला गेली असेल तर हातांनी न ढकलता पावलांची जागा बदलावी. हातांनी ढकलून साधलेला नेम चाप ओढताना पुन्हा मूळ जागी घसरतो. एका केंद्रावर बारा वर्षांचा मुलगा तासभर असा हातांशी झगडताना मी पाहिला. त्याच्या पायांकडे कोणाचेही लक्ष नव्हते, सर्वांचे डोळे गुणफलकावर!

आपल्याकडच्या तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्तीला उतरवीत नाहीत, आधी जोर-बैठका काढाव्या लागतात. रायफलीचा तोल साधण्यासाठी धड किंचित मागे झुकवावे लागते, त्याचा ताण वाढत्या वयातील कण्यावर पडतो. म्हणून पाठीचे व पोटाचे व्यायाम येथेही अनिवार्य मानले पाहिजेत. रिकाम्या रायफलीचीही नळी सदैव लक्ष्याच्याच दिशेने राहावी आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे, ही शिस्त तर पहिल्या दिवसापासून हवी.

पाल्याला प्रवेश घेताना पालक शुल्काची चौकशी करतात, रायफलीच्या किमतीची करतात. त्यांनी प्रशिक्षकाला आणखी एक प्रश्न विचारावा : पहिला छर्रा तुम्ही कितव्या आठवड्यात देता?