तैल म्हणजे कोणते तैल?

चिंचोळी औद्योगिक वसाहत ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तो परंपरेने रब्बी करडईचा मुलूख. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २५) मात्र स्थावर स्नेहांमध्ये तिलतैल श्रेष्ठ, तर कुसुंभस्नेह अहिततम गणला आहे. याउलट, आधुनिक आहारशास्त्र त्याच करडई तेलातील सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्लाची प्रशंसा करते. अशा वेळी वैद्याने रुग्णास काय सांगावे?

आमच्या मते येथे आहार व औषध यांचा विचार भिन्न ठेवावा. आहारात ओकसात्म्य प्रमाण मानावे. पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य झालेले करडई तेल सरसकट वर्ज्य करू नये. तथापि विदाह, अम्लपित्त वा रक्तपित्त असणाऱ्यास ते अवश्य टाळावयास सांगावे. शेंगदाणा, सरसू, नारळ यांचाही निर्णय प्रकृती व देश पाहूनच व्हावा.

औषधात मात्र ही मोकळीक नाही. योगात केवळ ‘तैल’ म्हटले असता तिलतैलच घ्यावे, हा परिभाषेचा दंडक आहे. तिळाचा भाव चढला म्हणून स्वस्त शुद्धीकृत तेलात कल्क व क्वाथ शिजविणे म्हणजे योगच बदलणे होय. औषधनिर्मात्या बंधूंनी मूळ तेलाचे नाव वेष्टनावर स्पष्ट छापावे आणि वैद्यांनी ते वाचूनच औषध योजावे, असे आमचे आग्रहाचे निवेदन आहे.