आधी ध्रुपद धरावे

दुसऱ्याचे वाचले की त्याची छाप पडते, म्हणून आम्ही फारसे वाचत नाही, असे नव्याने लिहू लागलेली मुले-मुली हल्ली बिनदिक्कत सांगतात. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथे लिहिण्याजोगे इतके काही साचून राहिले आहे, तिथे हे ऐकले की जीव तुटतो.

तुकोबांइतकी स्वतंत्र वाणी मराठीत कोणाची? त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे, की आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. मग विश्वासाने, आदराने संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. एवढे पाठांतर करूनही त्यांचा अभंग कानावर पडताच ओळखू येतो. छाप पडण्याची भीती त्यांना शिवली नाही.

अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. मुंबईत अक्षरओळख झाली, कामगार चळवळीत आले आणि रशियन लेखक गॉर्की हाती लागला. पण 1959 साली आलेल्या ‘फकिरा’त व्होल्गेचे पाणी थेंबभरही नाही, आहे ते वारणेचे खोरे आणि तिथली पेटलेली माणसे. गॉर्कीकडून कथानक उचलायची त्यांना गरजच नव्हती. हमाल, भटके, उपाशी माणसे कादंबरीच्या मध्यभागी उभी राहू शकतात, ही खात्री मात्र अशा वाचनातून मिळते, आणि लिहिणाऱ्याला पहिल्या पानापाशी हवी असते ती हीच.

पनवेलकरांना त्यासाठी रशियापर्यंत जायलाही नको. ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ लिहिणारे र. वा. दिघे पनवेलात वकिली करत होते. पुढे खोपोलीकडे जाऊन त्यांनी शेती केली. पावसावर जीव टांगून बसलेला शेतकरी त्यांनी कादंबरीत आणला. आज तालुक्यातल्या किती लिहित्या हातांना हे नाव ठाऊक आहे?

आणि आज इथला विषय तर त्याहून मोठा आहे. नवी मुंबई वसवायला सिडको आली, भातखाचरे आणि मिठागरे गेली. 1984च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनाविरोधी आंदोलनात जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसे गेली. ‘साडेबारा टक्के’, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळायचा विकसित भूखंडाचा वाटा, हे दोन शब्द त्या लढ्यातून घरोघरी पोचले. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे उठली. नव्या घराच्या ओट्यावर बसलेली आगरी म्हातारी जुन्या गावाची वाट आपल्या बोलीत सांगते, ती ऐकायला नातू शेजारी आहे. पण ती लिहावी कशी, हे त्याला कोणी दाखवलेले नाही. तिची बोली तिच्याच ठसक्यात कागदावर उतरू शकते, हे त्याला व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दिसेल, उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये दिसेल.

म्हणून शहरातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी लेखन कार्यशाळा जरूर घ्याव्यात. पण पहिले काही महिने कोणालाही एक ओळ लिहायला लावू नये. दिघे, अण्णा भाऊ, शेळके, माडगूळकर मोठ्याने वाचायला लावावेत, आणि सुरुवात ‘पाणकळा’पासून करावी.