स्वल्पविरामाचे वकीलपत्र

बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. वाचकहो, ही रक्कम जरा आकड्यांत लिहा पाहू. तुम्ही १२,३४,५६७ असेच लिहिणार. आता हीच रक्कम भाच्याने घरच्या हिशेबासाठी कॉम्प्युटरवर चढवून दिलेल्या एखाद्या परदेशी प्रोग्रॅममध्ये भरा. तो दाखवील १,२३४,५६७. सर्वांत पुढे हा एकटा 'एक' कोण, आणि त्याच्यामागे ही तिघातिघांची वरात कसली, हे कळेपर्यंत आपण उजवीकडून एकं, दहं, शतं करीत पडद्यावर बोट सरकवत बसतो. बँकेत वीस वर्षे नोटा मोजलेल्या माणसावर ही पाळी यावी!

भाचा म्हणतो, "मामा, किंमत तीच आहे ना? मग स्वल्पविराम कुठं का असेना!"

किंमत तीच आहे. मी बी.कॉम. आहे, एवढे मलाही कळते. पण माणूस आकडा वाचतो तो तोंडाने. मनातल्या मनात का होईना, पण तोंडानेच. १२,३४,५६७ मध्ये पहिल्या स्वल्पविरामाशी 'लाख' म्हणायचे, दुसऱ्याशी 'हजार' म्हणायचे आणि उरलेले वाचून टाकायचे. स्वल्पविराम म्हणजे शब्द अडकवायची खुंटी. इंग्रजाच्या खुंट्या तीन-तीन घरांवर, कारण त्याच्या तोंडात थाउजंड आणि मिलियन. आमची पहिली खुंटी तीन घरांवर आणि पुढच्या दोन-दोन घरांवर, कारण आमच्या तोंडात हजार, लाख, कोटी. त्याने आपला कोट आपल्या खुंटीला खुशाल टांगावा. माझी टोपी मी तिथे काय म्हणून टांगू?

हे मी उगीच भाषाभिमानाने म्हणतो असे समजू नका. चेक आठवा. त्यावर रक्कम दोनदा लिहितात, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरी, शेवटी 'फक्त' लावून. दोन्हींत फरक पडला तर खरे काय? १८८१ सालचा परक्राम्य संलेखांचा कायदा (हे मराठी नाव मलाही पाठ करावे लागले) कलम १८ मध्ये सांगतो, की अक्षरी रक्कम खरी. म्हणजे कायद्याचा भरवसा शब्दांवर. आणि आकड्याला शब्दाशी बांधून ठेवणारी गाठ कोणती, तर हा चिमुकला स्वल्पविराम. तो हलवला की अक्षरी रुपये एकीकडे आणि आकडी रुपये दुसरीकडे पाहू लागतात.

"पण जग मिलियनमध्ये चालतं, मामा. तुम्हीच सवय बदला ना."

कुठले जग? जर्मन माणूस एक हजार दोनशे चौतीस आणि वर छप्पन्न सेंट हे १.२३४,५६ असे लिहितो. त्याच्याकडे टिंब हजाराचे आणि स्वल्पविराम दशांशाचा, सगळा कारभार उलटा. फ्रेंच माणूस हजारापाशी नुसती मोकळी जागा सोडतो. स्विस माणूस तिथे वर एक टिचकी मारतो. वजनमापांच्या जागतिक परिषदेने तर १९४८ सालीच सांगून ठेवले आहे, की तीन-तीनचे गट करा, पण मधल्या जागेत ना टिंब घाला ना स्वल्पविराम. (गट तीन-तीनचे, हे मान्य. शास्त्रज्ञांना कुठे लाखालाखांचे चेक फाडायचे असतात?) आणि दशांशाचे चिन्ह टिंब असावे की स्वल्पविराम, यावर २००३ साली त्याच परिषदेने दोन्ही चालतील असे सांगितले. जिथे जगाचेच एकमत नाही, तिथे सवय बदलायला आम्हीच का सापडावे?

बरे, प्रश्न नुसता दिसण्याचा असता तर मी चष्मा पुसून गप्प बसलो असतो. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या मुदत ठेवीचे सव्वा लाख खात्यात जमा झाले. मुलाने त्यांना सांगितले होते, की बँकेच्या साइटवरून खात्याची फाइल उतरवून घ्या आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला द्या, तो आपोआप वाचतो. त्याने आपोआप वाचली. या फाइलींत रकाना संपला हे सांगायला स्वल्पविरामच वापरतात. रकमेला अवतरणचिन्हांचे कुंपण घातले तरच आतला स्वल्पविराम सुरक्षित. इथे कुंपण नव्हते. तेव्हा १,२५,०००.०० याचे तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत जाऊन बसले. खर्च १ रुपया, जमा २५ रुपये, शिल्लक शून्य.

मास्तर घामाघूम होऊन दारात. "अहो, माझी ठेव मोडली कुणी?"

त्यांना पाणी देऊन आधी पासबुक दाखवले. ठेव जागच्या जागी होती. पण माणसाचे काळीज काही अवतरणचिन्हांच्या कुंपणात नसते.

माझा खरा राग इथेच आहे. चूक झाल्याचा नव्हे, तोंड मिटून चूक केल्याचा. कायदा अक्षरी रक्कम खरी म्हणतो, तरीसुद्धा अक्षरी आणि आकडी रकमेत फरक दिसला तर आम्ही कारकून तो चेक कारणाची चिठ्ठी लावून परत करतो. लोक आम्हाला शिव्या देतात. पण शंका आली की विचारायचे, ही आमची रीत. कॉम्प्युटरला शंकाच येत नाही. त्याचे सेटिंग जर्मनीचे असेल आणि दुधाचे ६२.५० दिले, तर एखादा प्रोग्रॅम मधले टिंब हजाराचे समजून गिळतो आणि ६,२५० रुपयांचे दूध पाजतो! कधी लाखाची रक्कम त्याला आकडाच वाटत नाही. तो तिला अक्षरे समजून रकान्यात डावीकडे ढकलतो, आणि खाली बेरीज शून्य. (आकडे उजवीकडे नसून डावीकडे चिकटलेले दिसले की हाच रोग समजावा.) तारखांचीही तीच गत. ३/४ म्हणजे आपली तीन एप्रिल, नव्या आर्थिक वर्षाची सुरुवात. अमेरिकन सेटिंगला ती चार मार्च, म्हणजे जमा थेट मागच्या वर्षात.

उपाय आहे. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात रीजन, त्यात ॲडिशनल सेटिंग्ज, त्यात नंबर्स, आणि तिथे डिजिट ग्रुपिंग नावाच्या खिडकीत नमुने असतात. त्यातला लाख-कोटीचा निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. म्हणजे आमची पद्धत कॉम्प्युटरला ठाऊक आहे, फक्त पाच दारांआड बसवली आहे. ग्नूकॅश नावाचा एक फुकट प्रोग्रॅम तर फाइल आत घेतानाच दशांशाचे टिंब समजू की स्वल्पविराम, हे निवडू देतो. फुकटवाल्याला जमते ते पैसे घेणाऱ्यांना का जमू नये? फाइलमधून पाठवताना रक्कम उघडीबोडकी पाठवा, १२५०००.०० अशी, दागिने न घालता. दाखवताना मात्र बघणाऱ्याच्या रीतीने नटवा. आणि अडलात तर विचारा.

भाच्याने शेवटी माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसाठी एक युक्ती काढून दिली, कारण तिथे आम्हाला सेटिंगला हात लावायची परवानगी नाही. एक्सेलच्या रकान्याला एक सूत्र बांधायचे: रक्कम कोटीच्या वर असेल तर असे स्वल्पविराम, लाखाच्या वर असेल तर तसे, नाहीतर नेहमीचे. नफ्याचे आकडे काय सुरेख दिसू लागले! मग मी वजाबाकीची एक रक्कम घातली. त्या सूत्रात अटी दोनच मावतात, आणि उणे रक्कम लाखाच्या वर कधी नसतेच. ती गेली तिसऱ्या घरात. तेव्हा नफा १२,३४,५६७ आणि तोटा उणे १,२३४,५६७.

"बघा मामा," भाचा म्हणाला, "नफा आपला, तोटा इंग्रजांचा. आता तरी खूश ना?"

खूश कसला होतो? ऑडिटर आमचेच आहेत.