चादर द्या, सोबत निवाऱ्याचा पत्ताही द्या

थंडी पडली की आपल्या शहरांत चादरी वाटणाऱ्या गाड्या फिरू लागतात. पुलाखाली, स्टेशनबाहेर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर निजलेल्यांच्या अंगावर पांघरूण पडतं. हे काम चांगलं आहे, ते थांबवू नका. पण त्याच माणसासाठी सरकारी आणि पालिकेच्या पैशातून शहरात निवारा केंद्र चालतं, हे बऱ्याचदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. म्हणून विनंती आहे, की या हंगामात आपल्या भागातलं निवारा केंद्र शोधून काढा. वॉर्ड ऑफिसात समाज विकास विभागाकडे किंवा शहरी उपजीविका योजनांचं काम पाहणाऱ्यांकडे विचारा. एकदा स्वतः जाऊन या. न्हाणीघरात पाणी आहे का, सामान ठेवायला कुलपाचं कपाट आहे का, बायकांची सोय वेगळी आहे का, हे डोळ्यांनी बघा. मगच दुसऱ्याला तिथे जायला सांगा.

हा निवारा म्हणजे उपकार नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांना बजावलं, की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याला पैशाची जोड दिली आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागेचं माप ठरवून दिलं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या हिशोबाने एकट्या मुंबईत सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. आपण त्याच्या आसपासही नाही.

तरीही आहेत त्या केंद्रांत यायला लोक का कचरतात? सगळ्यात मोठी भीती उचलून नेणाऱ्या पोलिसांच्या ‘गाडी’ची. भीक मागण्याला बंदी घालणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्याखाली पोलीस माणसाला उचलू शकतात आणि न्यायालय त्याला भिक्षेकरी गृहात डांबू शकतं. फुटपाथवरच्या माणसाला भिक्षेकरी गृह आणि निवारा केंद्र यांतला फरक कोणी सांगितलेलाच नसतो. निवाऱ्यात जबरदस्ती नाही, माणूस हवा तेव्हा बाहेर पडू शकतो, हे त्याला पहिल्यांदा सांगा.

आणि सांगायचं ते दिवसाउजेडी सांगा. मध्यरात्री टॉर्च मारून, चार जणांनी घोळका करून उठवलं तर कोण विश्वास ठेवील? शेजारी बसा, मावशी, काका म्हणा, नाव विचारा. फोटो काढू नका. बाजारपेठेत हमाली करणारा माणूस हातगाडी सोडून येत नाही, कारण सकाळी ती जागेवर नसली तर दिवसाची मजुरी बुडते. नवरा-बायकोला वेगवेगळ्या केंद्रांत जायला सांगितलं तर दोघंही रस्त्यावरच राहतात. याला हट्टीपणा म्हणू नका. कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत, निवारा कामाच्या जागेजवळ असावा, असं उपजीविका अभियानाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. ते मागायला हवं.

कागदपत्रांचा हक्कही असाच कोणी सांगितलेला नसतो. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला राहत्या जागेचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये तो झोपण्याची जागा लिहितो आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन खात्री करतो. हा अर्ज भरायला तुम्ही तासभर दिलात, तर त्याच्या हातात कायमची ओळख येते.

कोणी भ्रमिष्टासारखं भटकत असेल तर हाकलू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. ११२ ला फोन करा आणि कलमाचा आकडा सांगा. एकटं मूल दिसलं तर १०९८.

पण खरी वेळ साधायची ती माणूस रस्त्यावर येण्याआधी. आपल्याच सोसायटीत, चाळीत एखाद्या आजींना घर सोडायला लावलं जात असतं आणि आपण ‘त्यांच्या घरातली भानगड’ म्हणून दार लावून घेतो. कृपा करून असं करू नका. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. त्यासाठी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. हे दोन आकडे जिन्याजवळच्या फळ्यावर आजच लिहा.

राहिली पालिका. अंदाजपत्रक ठरण्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. आपल्या शहराच्या लोकसंख्येप्रमाणे किती निवारे हवेत, किती चालू आहेत, त्यांत बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी किती, गेल्या वर्षी मंजूर झालेल्यातला किती पैसा खर्च झाला? उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. एकट्याने नाही, दहा शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन जा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.