घड्याळ नसलेली पाककृती

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अमेरिकेत घरोघरी टीव्हीसमोर माणसे जमतात. ‘सुपर बोल’चा, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा तो दिवस. मधल्या टेबलावर हमखास दिसणारा एक पदार्थ म्हणजे खिमा किंवा चिकन घातलेले, वितळलेल्या चीजचे गरमागरम डिप आणि शेजारी मक्याच्या चिप्सचा ढीग. तिथल्या मराठी कुटुंबांच्या टेबलावरही तो असतो आणि आता तो पुण्या-मुंबईच्या घरगुती पार्ट्यांतही दिसू लागला आहे. क्रिकेटचा सामना असो की एकतीस डिसेंबर, खिमा घरचा, चीज दुकानातले आणि चिप्स पाकिटातले. करायला सोपा, खायला झकास.

या पदार्थाच्या बाबतीत आरोग्याचा विषय निघाला की चर्चा कॅलरी आणि कोलेस्टेरॉलपाशीच थांबते. ती काळजी अनाठायी नाही. पण वर्षातून दोन-तीनदा खाल्लेल्या चार चमचे डिपने निरोगी माणसाचे फारसे बिघडत नाही. तेच डिप संध्याकाळभर टेबलावर निवत राहिले, तर मात्र दुसऱ्या दिवशी अख्खे घर आडवे होऊ शकते. पाककृतीचे व्हिडिओ वरून कोथिंबीर भुरभुरली की संपतात. जोखीम नेमकी तिथून सुरू होते.

आधी चीजचे पाहू. साधे चेडार थेट मोठ्या आचेवर वितळवले तर तेल वेगळे होते आणि खाली चिवट गोळा उरतो. चीजमधील केसीन या प्रथिनाचे जाळे कॅल्शियमने बांधलेले असते. उष्णतेने ते आक्रसते आणि आतली चरबी व पाणी बाहेर टाकते. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये चीजमध्ये सोडियम सायट्रेट मिसळून यावर उपाय काढला. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, प्रथिने मोकळी होतात आणि चरबी व पाणी यांना एकत्र बांधतात. प्रोसेस्ड चीजचा जन्म यातूनच झाला. अमेरिकेत १९१८ मध्ये तयार झालेले आणि पुढे अशा डिपसाठी घरोघरी वापरले गेलेले ‘वेलव्हीटा’ त्याच कुळातले. आपल्याकडचे क्यूब आणि स्लाइसही बहुधा त्याच प्रकारचे. म्हणून ते डिपमध्ये गुळगुळीत वितळतात. मात्र या क्षारांमुळे आणि मिठामुळे त्यात सोडियम भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. तेव्हा चीज आणि खारट चिप्स असताना खिम्यात वेगळे मीठ घालण्याआधी चव पाहावी. बहुतेक वेळा गरज नसते.

आता मांस. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. म्हणून खिम्याचा रंग बदलला एवढ्यावर विसंबून चालत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या निकषानुसार मटणाच्या खिम्याचे आतले तापमान ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनचे ७४ अंश झाले पाहिजे. पदार्थात खुपसून तापमान पाहण्याचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. घरात केक करण्यासाठी वजनकाटा असतो, ओव्हन असतो, हा थर्मामीटर मात्र क्वचितच दिसतो.

खिमा नीट शिजला तरी गोष्ट संपत नाही. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजण्याच्या उष्णतेतही तग धरतो. पदार्थ निवू लागला की हे बीजाणू जागे होतात. या जिवाणूला प्राणवायू नको असतो आणि साधारण ४३ ते ४५ अंशांची ऊब फार मानवते. अशा अनुकूल स्थितीत त्याची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. घट्ट डिपच्या मोठ्या भांड्यात त्याला दोन्ही गोष्टी मिळतात. वर चीजची साय धरते, वाफ आत कोंडते, कडा निवतात आणि मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे १० लाख लोक या एका जिवाणूमुळे आजारी पडतात.

‘आमच्याकडे इतकी वर्षे असेच ठेवतो, कधी काही झाले नाही,’ हे उत्तर यावर ठरलेले असते. ते प्रामाणिक असते, पण पुरेसे नसते. परफ्रिंजेन्सचा त्रास जेवल्यानंतर ६ ते २४ तासांनी सुरू होतो आणि बहुधा दिवसभरात थांबतो. रात्री पार्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कळा आल्या, तर दोष सकाळच्या पोह्यांना किंवा ‘बाहेरच्या पाण्या’ला जातो. यजमानाला कोणी फोन करून सांगत नाही. धडधाकट माणसाची एका दिवसात सुटका होते. पण त्याच टेबलावर सत्तरीचे आजोबा असतात, गरोदर सून असते, तीन वर्षांचे नातवंड असते. जुलाबांतून शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्यासाठी तेच दुखणे रुग्णालयापर्यंत जाऊ शकते.

‘पुन्हा उकळले की झाले’ हा दुसरा समज. तो अर्धाच खरा आहे. उरलेले डिप ७४ अंशांपर्यंत तापवल्याने वाढलेले जिवाणू मरतात. पण हाताळताना त्वचेवरून पदार्थात गेलेल्या स्टॅफिलोकॉकसने तोपर्यंत विष तयार केले असेल, तर ते उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणूनच खरा उपाय वेळेत आहे. ४ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. पदार्थ त्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा अमेरिकी कृषी विभागाचा नियम आहे. सुपर बोलचे प्रक्षेपण साडेतीन तासांहून अधिक चालते. टी-ट्वेंटीचा सामनाही साधारण तेवढाच वेळ घेतो. म्हणजे सामना सुरू होताना मांडलेले भांडे तो संपेपर्यंत ठेवायचे नाही, हे आधीच ठरलेले बरे. मुंबईच्या मे महिन्यात तर पहिला डाव संपण्याआधीच त्याची मुदत संपते.

यासाठी पार्टी रद्द करायला नको. एका मोठ्या भांड्याऐवजी डिप दोन-तीन लहान वाडग्यांत काढावे. एक टेबलावर, बाकीचे गॅसवर मंद आचेवर, अधूनमधून ढवळत. टेबलावरचा वाडगा वाफाळत्या पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवला आणि पाणी बदलत राहिले तर डिप जास्त वेळ गरम राहते. हॉटकेस ऊब थोडा वेळ टिकवतो, निर्माण करत नाही, हे विसरू नये. विजेच्या स्लो कुकरमध्ये गरम डिप गरम राखता येते, पण फ्रीजमधले गार डिप त्यात तापवू नये. ते फार सावकाश तापते. चमचे आणि छोट्या बशा ठेवाव्यात, म्हणजे अर्धवट चावलेली चिप पुन्हा वाडग्यात बुडणार नाही.

आणि उरलेले? ‘गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये’ या घरोघरच्या शिकवणीपायी पातेले रात्रभर ओट्यावर राहते. त्याऐवजी वेळेच्या मर्यादेतले डिप पसरट डब्यांत उथळ थराने काढून वाफ निवताच फ्रीजमध्ये ठेवावे. मर्यादा उलटली असेल तर ते टाकून द्यावे. अन्न टाकणे आपल्या मनाला लागते आणि लागायलाही हवे. पण त्यावरचा उपाय कमी करणे हा आहे, शिळे वाढणे हा नव्हे.

वर्तमानपत्रे, पुस्तके आणि व्हिडिओ यांतून पाककृती देणाऱ्यांनी साहित्य आणि कृतीनंतर आणखी एक ओळ लिहायला हवी: हा पदार्थ किती वेळ बाहेर ठेवता येईल. तोवर यजमानाने डिप टेबलावर ठेवताना घड्याळात पाहून घ्यावे.