शर्यत काही क्षणांची, हिशेब जन्माचा

१. बुलढाणा जिल्ह्यात सुगी आटोपली की शंकरपटाचे दिवस येतात. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी, मागे धुरकरी, दोन्ही अंगांना माणसांची भिंत आणि सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जाणारी धाव. तिकडे मुंबईच्या मैदानावर त्याच हंगामात घोडे धावत असतात. या दोन दृश्यांना एकच प्रश्न लावून पाहावा, यासाठी हा धागा.

२. प्रश्न असा : आपल्या करमणुकीसाठी, प्रतिष्ठेसाठी किंवा पैशासाठी मुक्या जनावराला त्याच्या बळाच्या सीमेपर्यंत धावायला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे का? असेल, तर कोणत्या अटींवर? ‘परंपरा’ आणि ‘क्रूरता’ हे दोन शब्द एकमेकांवर फेकून याचे उत्तर मिळत नाही. इतिहास मात्र येथे बराच उपयोगी पडतो.

३. प्रथम घोडा. बुलढाण्याची भूमी घोड्यांच्या टापांनी तुडवलेली आहे. सिंदखेड हे लखुजीराव जाधवांचे ठाणे आणि जिजाऊंचे जन्मस्थान. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच परिसरातील साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया तेथे पक्का झाला. १७५७ च्या अखेरीस मराठे आणि निजाम पुन्हा सिंदखेडच्या आसमंतातच भिडले.

४. या लढायांत किती माणसे पडली, याची चर्चा आपण करतो. घोडे किती पडले, हे सहसा कोणी विचारत नाही. तरीही त्या काळाच्या राज्यकर्त्यांना घोड्याचा विसर पडणे परवडणारे नव्हते. पागेतला घोडा सरकारी असे आणि त्यावर बारगीर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. दोन्ही प्रकारांत जनावराच्या दाण्या-वैरणीची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले असे.

५. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकापूर्वीच्या एका उन्हाळ्यात चिपळूण भागातील लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, ही त्यातील ताकीद सर्वांना ठाऊक असते. त्याच पत्रातील दुसरी ताकीद कमी सांगितली जाते : साठवलेली वैरण आताच उधळलीत तर भर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल.

६. या वाक्यामागची नीती पाहा. येथे कोणी घोड्याला चाबूक मारलेला नाही, शस्त्र उगारलेले नाही. केवळ निष्काळजीपणा आहे. तरीही मृत्यूचे उत्तरदायित्व ज्याच्या हाती व्यवस्था होती त्याच्यावर टाकले आहे. जनावराचा ताबा म्हणजे त्याच्या जिवाची जबाबदारी, हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही.

७. आणखी मागे जाऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. युद्धाने, रोगाने किंवा वार्धक्याने निकामी झालेल्या घोड्यांना निर्वाहापुरते अन्न मिळत राहावे, अशी तरतूद त्यात आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी घोड्यांना व बैलांना डाग देण्यास मनाई आहे. निरुपयोगी जनावराचे काय करायचे आणि त्याला वेदना केव्हा देऊ नये, हे प्रश्न राज्यव्यवस्थेच्या कक्षेत तेव्हाच आले होते.

८. आता शर्यतीचा घोडा. मुंबईत संघटित घोडदौड सुरू झाली ती कंपनी सरकारच्या काळात, भायखळ्याला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. तेथे धावणारा ‘थरोब्रेड’ घोडा इंग्लंडमध्ये घडवला गेला. या जातीची नरवंशावळ पूर्वेकडून तेथे नेलेल्या अवघ्या तीन घोड्यांपर्यंत पोहोचते. वेग हा एकच गुण पिढ्यान्पिढ्या निवडत गेल्याने हा घोडा तयार झाला.

९. त्या वेगाची किंमत त्याच्या शरीराने मोजली आहे. हे घोडे दोन वर्षांच्या वयातच शर्यतीत उतरवले जातात. तेव्हा त्यांच्या सांगाड्याची वाढ पूर्ण झालेली नसते. जोराच्या धावेत फुप्फुसांत रक्तस्राव होणे, तबेल्यातील बंदिस्त जीवनाने व आहाराने जठरात व्रण होणे, हे त्यांच्यातील सर्वसामान्य विकार आहेत. पायाचे हाड मोडले तर बहुधा घोड्याला मारावेच लागते, कारण तीन पायांवर इतके वजन तोलून तो बरा होऊ शकत नाही.

१०. चाबकाचा प्रश्न वेगळा. नॉर्वेने १९८२ मध्ये शर्यतीत चाबकाच्या वापरावर बंदी घातली आणि तेथील शर्यती काही बंद पडल्या नाहीत. म्हणजे चाबूक हा खेळाचा प्राण नसून केवळ सवय आहे. आपल्याकडे नियमांनी त्याला मर्यादा घातल्या, पण तो हातातून गेलेला नाही.

११. आता बैल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार काही प्राण्यांचे प्रदर्शन व प्रशिक्षण केंद्र सरकार निषिद्ध ठरवू शकते. जुलै २०११ मध्ये त्या यादीत बैलाची भर पडली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो ओझे ओढणारा प्राणी आहे, हा त्या निकालातील एक मुख्य युक्तिवाद होता.

१२. विदर्भातील शेतकऱ्याला हा भेद बोचला, आणि ते अकारण नव्हते. शहरातल्या घोड्यावर लोक कायदेशीरपणे पैसे लावणार, १९९६ च्या निकालाने त्याला कौशल्याचा खेळ म्हणून मान्यता मिळालेली असणार, आणि गावातला पट मात्र गुन्हा! तक्रारीत तथ्य आहे. परंतु तिचे तात्पर्य बहुतेकांनी चुकीचे काढले.

१३. घोड्याला पळवता येते म्हणून बैलालाही पळवू द्या, हे तात्पर्य न्यायाचे नाही; ती अन्यायाची समान वाटणी आहे. धावण्यासाठी घडलेले शरीर हे धावायला भाग पाडण्याचे कारण ठरत नाही. शरीररचनेचा निकष बैलाला वाचवण्यापुरता उपयोगी पडला, पण त्याच निकषाने घोड्याला मात्र उघड्यावर सोडले. निकष वेदनेचा हवा. वेदना खूर पाहून येत नाही.

१४. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राण्यांना घटनेतील मूलभूत हक्क आहेत, असे म्हणण्यास या पीठाने नकार दिला. मात्र नियमांची काटेकोर अंमलबजावणी ही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे, हेही स्पष्टपणे बजावले.

१५. ते नियम वाचण्याजोगे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, १००० मीटरची कमाल मर्यादा. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांना बंदी. जनावराला यातना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही मजल किती मोठी ते कळते. कागदावर.

१६. माझे मत असे आहे की शंकरपट असो वा घोडदौड, तीन कसोट्यांवर तो टिकला पाहिजे. पहिली : जनावराने थांबायचे ठरवले तर त्याला थांबू दिले जाते का? दुसरी : वेग हा सरावाने व सांभाळाने येतो, की धाकाने आणि वेदनेने? तिसरी : धाव संपल्यानंतर, म्हणजे शेवटच्या बक्षिसानंतरच्या वर्षांत, त्याचे काय होते?

१७. पहिल्या दोन कसोट्यांची उत्तरे मैदानावर दिसतात. शेपूट पिरगाळली जाते का, तुतारी टोचली जाते का, घोड्याच्या पुठ्ठ्यावर वळ उठतात का, हे डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही समजते. तिसरी कसोटी खरी कठीण, कारण तिचे उत्तर गर्दी पांगल्यावर मिळते. महालक्ष्मीच्या जागेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, तेव्हापासून त्या जमिनीवर अखंड वाद झाला. निवृत्त घोड्यांवर त्याच्या दहावा हिस्साही चर्चा झाली नाही.

१८. बैलाच्या बाजूचे चित्र निराळे, पण सोपे नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. ट्रॅक्टरने शेतातले काम घेतले. म्हणजे थकलेला पटाचा बैल विकताही येत नाही आणि पोसणेही जड. शर्यतीमुळे देशी जनावरे टिकतात, हा समर्थकांचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण जात टिकवणे आणि त्या जातीतला हा एक बैल सांभाळणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याचे श्रेय घेणाऱ्याने दुसऱ्याचा भार उचलला पाहिजे.

१९. कोणी म्हणेल, शेतकऱ्याला बैलावरची माया शिकवू नका. अगदी मान्य. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीने बैलाचे खांदे शेकणारा आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू न ठेवणारा हा समाज आहे. जू खांद्याला दुखवते, ही कबुलीच त्या विधीत आहे. मायेला नियमांचे भय नसते. भय असते ते मोठ्या बक्षिसासाठी दुसऱ्याचा बैल भाड्याने पळवणाऱ्याला आणि पैजेवर पैसा लावणाऱ्याला.

२०. म्हणून मागणी बंदीची नाही, हिशेबाची आहे. बुलढाण्यात ज्या पटाला परवानगी मिळेल, त्याचा पशुवैद्यकीय अहवाल गावाच्या फलकावर लागावा. बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा थकलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी बाजूला निघावा. शर्यतीच्या घोड्याची नोंद त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहावी आणि ती जनतेला पाहता यावी. एवढे करणे जमत नसेल, तर मग तो खेळ थांबवलेला बरा. तेथे परंपरेचा आधार घेता येणार नाही.

२१. कारण ज्या परंपरेचा आपण उच्चार करतो, तिने दाण्या-वैरणीचा हिशेब मागितला होता आणि थकलेल्या घोड्याला अन्न देण्याची आज्ञा केली होती. येत्या हंगामात तुमच्या तालुक्यात पट भरला तर अवश्य जा. कोणती जोडी पहिली आली ते पाहा, आणि शेवटची आलेली जोडी छकड्यातून सोडल्यावर तिला आधी पाणी मिळते की मार, तेही पाहून या.