गुळाच्या बिअरला कौटिल्याचा टिळा कशाला?

१/ कोल्हापुरी गूळ घालून परदेशातील मराठी घरात बिअर केली. ती स्पर्धेत कोणत्या गटात पाठवावी? ‘ऐतिहासिक बिअर’ गटात पाठवा आणि कौटिल्याचा दाखला जोडा, हा सल्ला कानाला गोड लागतो. इतिहासप्रेमी तरुणांनी मात्र तो ठामपणे नाकारला पाहिजे.

२/ ‘परदेशातील’ असे म्हटले, कारण महाराष्ट्रात परवान्याविना मद्य गाळणे वा आंबवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला मुभा मिळाली.

३/ आता दाखला तपासू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा. त्यात सहा प्रकार येतात : मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु.

४/ ही वर्गवारी घटकांवर आणि कृतीवर उभी आहे. मेदकात पाणी, तांदूळ व किण्व, आसवात कवठ आणि फाणित, म्हणजे काकवीसारखा आटवलेला उसाचा रस, मधु द्राक्षांचे. किण्व उडीद व तांदळापासून सिद्ध होई.

५/ गूळ मैरेयात आहे, हे खरेच. पण तेथे तो मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात पडतो. जवाचे माल्ट आणि होप्स या सहांपैकी एकाही कृतीत नाहीत. एक घटक जुळला म्हणून पेय प्राचीन ठरत नाही.

६/ कोणी म्हणेल, सौत्रामणी यागातील सुरेत मोड आलेले धान्य होतेच! होते. मग तीच सुरा होप्सविना, त्या विधीतील घटकांनी करा, आणि खुशाल ‘ऐतिहासिक’ म्हणा. त्या गटात यादीबाहेरचा प्रकारही चालतो. वर्णन मात्र द्यावे लागते. ते वर्णन म्हणजे पुराव्याची जबाबदारी होय.

७/ बी.जे.सी.पी.च्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत गुळाच्या बिअरसाठी ३१-बी हा पर्यायी शर्करेचा गट आहे. मूळ शैली आणि शर्करेचा प्रकार तेथे नोंदवावा लागतो. यीस्ट गुळातील बहुतेक साखर खाऊन टाकते. उरतो तो गंध आणि स्वाद. तोही जाणवत नसेल, तर मूळ शैलीच्याच गटात जावे.

८/ ‘पर्यायी’ हा शब्द काहींना अपमानास्पद वाटतो. ज्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याला पर्यायी म्हणायचे? परंतु हा शब्द केवळ माल्टच्या संदर्भात आहे. गुळाची प्रतिष्ठा गुऱ्हाळातल्या कामावर उभी आहे. परीक्षकाच्या तक्त्यावर नव्हे.

९/ खोट्या प्राचीनतेने दुहेरी हानी होते : परीक्षक चुकीच्या निकषांवर पेय चाखतात, आणि उद्या कोणीतरी ती प्रवेशिकाच ‘पुरावा’ म्हणून उद्धृत करतो. प्रवेशिकेवर ‘कोल्हापुरी गूळ’ एवढेच स्वच्छ लिहा. खऱ्या वस्तूला उसने वय लागत नाही.